गळकी बाटली आणि किंदेंची मोजणी

आला, आला! मित्रांनो, जागचे हलू नका. श्वाससुद्धा हळूच घ्या. माझ्या उजवीकडच्या फुलाशी बघा, हिरवी ठिणगी उडाल्यासारखे काहीतरी... गेला! एवढ्यात गेलासुद्धा! असू द्या, पुन्हा येईल. दिवसातून शंभर वेळा येतो, आणि तरी दर वेळी माझी काच आतून थरथरते.

मी एक जुनी काचेची बाटली आहे. तारेने बांधून, डोके खाली आणि तळ वर अशी ओसरीच्या वाशाला मला टांगलेले आहे. उलट्या जन्माची म्हणून कुणी माझी कीव करू नका. माझ्या पोटात साखरपाणी असते आणि तोंडाशी पत्र्याची चार लाल फुले आहेत. त्या फुलांत चोच घालून जगातले सर्वांत चिमुकले, सर्वांत देखणे आणि सर्वांत भांडखोर पाहुणे माझ्याकडे जेवतात. तुम्ही त्यांना हमिंगबर्ड म्हणता. सातासमुद्रापलीकडे डोंगरात वसलेल्या आमच्या एल अलिसाल गावात सगळे त्यांना किंदे म्हणतात.

आधी माझ्यात उसाची दारू होती, हे सांगायला मला जरा लाज वाटते. गावच्या जत्रेत मी रिकामी झाले आणि रोसेंदो पत्रेवाल्याच्या दुकानात येऊन पडले. त्याने माझ्या तोंडाला पत्र्याचे झाकण बसवले, त्याला चार फुले डाखली, फुलांना लाल रंग दिला आणि मग मान तिरकी करून बघत म्हणाला, "फुलाला मध्ये पिवळं नको होय? त्याशिवाय फूल कसलं!" त्याने प्रत्येक फुलाच्या मध्यभागी पिवळा ठिपका काढला. त्या ठिपक्यांचा मला केवढा गर्व होता! तेच पुढे माझ्या मुळावर येणार, हे तेव्हा कुणाला ठाऊक?

मला घरी आणले सेगुंदोआजोबांनी. ते तेव्हा आजोबा नव्हते. डोंगरातून किनाऱ्याकडे जाणारी बस चालवायचे. त्यांनी मला चालकाच्या खिडकीपाशी टांगले आणि आम्ही वळणावळणाने गावी आलो. लुसमिलाआजी दारातच उभ्या होत्या.

"आणखी एक बाटली?" त्या म्हणाल्या. "निदान रिकामी आणलीस, हे नशीब माझं."

"अगं, ही किंदेंसाठी आहे."

"आणि ती धुणार कोण?"

सेगुंदो नुसते हसले. उत्तर दोघांनाही ठाऊक होते.

तेव्हापासून लुसमिलाआजींनी मला धुतले. दर तिसऱ्या दिवशी, ऊन कडक असले तर दिवसाआड. आधी उरलेले पाणी फेकून द्यायचे, मग गरम पाणी, मग थोडा पांढरा व्हिनेगर आणि मूठभर तांदूळ घालून मला खळखळा हलवायचे. तांदूळ कोपऱ्याकोपऱ्यातली बुरशी खरवडून काढतात. फुलांच्या भोकांत बारीक ब्रश. शेवटी तीन वेळा स्वच्छ पाणी. साखरपाणीही त्यांच्या हिशेबाने: एक पेला पांढरी साखर, चार पेले पाणी. रंग नाही, मध नाही, गूळ तर मुळीच नाही. "किंदेंची जीभ आपल्या जिभेसारखी जाडजूड नाही," त्या म्हणायच्या. "गूळ खाऊन त्यांचं पोट बिघडेल, मग ते काय तुमच्या बसमधून डॉक्टरकडे जाणार?"

वर्षे गेली. बस दुसऱ्याच्या हाती गेली. सेगुंदोआजोबांच्या डोळ्यांत काचबिंदू झाला. आधी कडा धूसर झाल्या, मग मधलेही मावळले. ज्या दिवशी त्यांना मी दिसेनाशी झाले त्या दिवशी ते ओसरीवर माझ्याखाली खुर्ची टाकून बसले होते. इतक्यात एक किंदे आला. आजोबांनी मान वर केली.

"लुसमिला," ते म्हणाले, "हा चौथ्या गिअरमध्ये आहे."

"कोण?"

"हा. आत्ता आलेला. इंजिन कसं एकसारखं चाललंय, ऐक."

मित्रांनो, त्या दिवसापासून आमची ओसरी म्हणजे मौजच मौज झाली! तीस वर्षे इंजिने ऐकलेला तो माणूस आता पंख ऐकू लागला. एकेकाचे नाव पडले. जांभळ्या कानाचा दांडगट किंदे इतरांना हाकलून लावायचा, तो झाला फौजदार. "कायम पहिल्या गिअरमध्ये कोकलतो," आजोबा म्हणायचे. पायांना पांढऱ्या लोकरीचे गोंडे असलेला तो बूटवाला. निळी शेपूट नाचवत येणारा लांबशेपट्या, त्याच्या शेपटीचा हवेत सूं असा आवाज यायचा. आणि सगळ्यांत लहान, तुमच्या अंगठ्याएवढा, तो भुंग्या. त्याचे पंख थेट भुंग्यासारखे घुमायचे. भुंग्या आला की आजोबा खुर्चीच्या टोकावर सरकत. "छोटी गाडी आली," ते कुजबुजत. "रस्ता द्या, रस्ता द्या!"

गावात वर्षातून एकदा पक्ष्यांची मोजणी होई. शाळेतली तरुण शिक्षिका येसेनिया ती भरवायची. गावातल्या सात जागी माणसे पहाटेपासून दहापर्यंत बसत आणि दिसेल तो पक्षी लिहीत. त्या सात जागांपैकी एक आमची ओसरी. आजोबा ऐकून नाव सांगत, येसेनिया दुर्बिणीतून खात्री करून लिहून घेई. सहा वर्षांत आजोबा दोनदाच चुकले होते, आणि तेही दोन्ही वेळा दुसऱ्याच्या शिंकेमुळे, असे त्यांचे म्हणणे.

मग ते वाईट दिवस आले.

इबार्रा शहरात लुसमिलाआजींची बहीण पडली आणि तिचे कंबरेचे हाड मोडले. आजी तीन आठवड्यांसाठी तिकडे गेल्या. जाताना त्यांनी आजोबांना बजावले, "तिसऱ्या दिवशी धुवायचं. साखर डाव्या डब्यात. विसरलास तर आल्यावर तुलाच उलटा टांगेन."

"मी तीस वर्षं बस चालवली," आजोबा म्हणाले. "एक बाटली चालवता येणार नाही होय?"

आजोबा विसरले नाहीत. त्यांनी फार मनापासून केले. पण मित्रांनो, त्यांना दिसत नव्हते आणि मला बोलता येत नव्हते. त्यांनी मला पाण्याने विसळले, पण माझ्या खांद्याशी काळी बुरशी धरू लागली होती, ती त्यांना दिसली नाही. डाव्या डब्यातली साखर संपली तेव्हा, उपाशी ठेवण्यापेक्षा बरा म्हणून त्यांनी उजव्या डब्यातला गूळ किसून घातला. पाणी गढूळ झाले, तेही दिसले नाही. झाकणातला रबरी वायसर जुना होऊन चिरला होता. भरीस भर म्हणून आजोबांनी मला वाशाच्या टोकाला, उन्हात टांगले. "उन्हात किंदेंना बरं वाटेल," ते म्हणाले. ऊन चढले की माझ्यातली हवा फुगे आणि साखरपाण्याला खाली ढकले. टप. टप. टप. मी दिवसभर गळत राहिले.

पहिल्यांदा मुंग्या आल्या. त्यांची रांग भिंतीवरून वाशावर, वाशावरून तारेवर आणि तारेवरून थेट माझ्या फुलांत. मुंग्या आत पडून बुडाल्या. मग गांधीलमाश्या आल्या. मग मधमाश्या. आधी चार, मग चाळीस, मग मोजता येईनात इतक्या! त्या माझ्या पिवळ्या ठिपक्यांवर अशा बसल्या की माझी फुले दिसेनाशी झाली.

बूटवाला आला, मधमाश्या बघून परत फिरला. लांबशेपट्या आलाच नाही. फौजदार दोन दिवस लढला. तिसऱ्या दिवशी तोही हरला आणि दरीपलीकडे गेला. भुंग्या कधी गेला ते मला कळलेही नाही.

आजोबा खुर्चीवर बसून ऐकत होते. त्यांच्या कानांवर नुसती घूंऽऽऽ पडत होती. "आज गर्दी फार आहे," ते पहिल्या दिवशी खूश होऊन म्हणाले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "पण कुणाचाच गिअर बदलत नाही." तिसऱ्या दिवशी त्यांनी हात वर करून मला चाचपले आणि त्यांच्या बोटाला मधमाशी डसली. बोट तोंडात धरून ते पुन्हा खुर्चीत बसले. मला फुटून जावेसे वाटले.

लुसमिलाआजी परत आल्या तेव्हा मोजणीला आठ दिवस उरले होते. त्यांनी पिशवीही खाली ठेवली नाही. माझ्याकडे बघितले, आजोबांच्या सुजलेल्या बोटाकडे बघितले, मग कुंपणापलीकडे बघितले. तिथे शेजारी ओल्गेरच्या मधमाश्यांच्या बारा पेट्या होत्या. आजी नसताना हाच ओल्गेर रोज दुपारी आजोबांना बटाट्याचे सूप आणून देत असे.

"ओल्गेर!" आजींनी अशी हाक मारली की दोन गल्ल्यांतली कुत्री भुंकली.

ओल्गेर टोपी हातात घेऊन कुंपणाशी आला. "आलात का, शेजारीणबाई? बहीण कशी आहे?"

"बहीण बरी आहे. तुझ्या माश्या माझ्या बाटलीवर काय करतायत?"

"पितायत बिचाऱ्या," ओल्गेर म्हणाला. "यंदा पावसानं फुलं झोडपली. त्यांना खायला कुठे आहे काही?"

"म्हणजे तू बघितलंस? रोज सूप घेऊन येत होतास आणि रोज बघत होतास?"

"मला वाटलं, तुम्हीच दया करून ठेवलंय."

"दया!" आजी म्हणाल्या. "माझ्या म्हाताऱ्याच्या बोटाला डसली तुझी दया!"

ओल्गेरचा चेहरा उतरला. पण आजींनी त्याला पुढे बोलूच दिले नाही. दार धाडकन लावले.

दुसऱ्या दिवशी येसेनिया बघायला आली. तिने लांबूनच माझ्याकडे पाहिले, दोन पावले पुढे आली आणि तीन पावले मागे गेली. "आजी, रागावू नका," ती अडखळत म्हणाली. "इथे लोक बसवले तर माश्या चावतील. आणि एकही किंदे दिसत नाही. यंदा ही जागा दरीपलीकडे हलवावी लागेल."

आजोबा खुर्चीवरच होते. ते एवढेच म्हणाले, "बरोबर आहे, पोरी. गाडी बंद पडली तर प्रवाशांनी दुसरी धरावी."

ते वाक्य आजींना फार लागले. त्या संध्याकाळी त्यांनी बहिणीने सांगितलेला उपाय केला. डुकराची चरबी घेतली आणि माझ्या तारेला, झाकणाला, फुलांभोवती चोपडली. मुंग्या खरोखर थांबल्या. मधमाश्याही थोड्या बिचकल्या. सकाळी आजी कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "बघ! कसं केलं!"

आणि नेमका त्याच वेळी बूटवाला परत आला.

इतक्या दिवसांनी! मी आनंदाने झुलायला लागले. तो फुलाशी आला, चोच आत घातली, छाती झाकणाला टेकवली. मागे सरकताना त्याच्या छातीची पिसे चरबीने एकमेकांना चिकटली. त्याने चोचीने ती साफ करायला घेतली, तर चरबी पंखाला लागली. त्याचे पंख दोनदा फडफडले आणि ओसरीच्या फरशीवर शर्टाचे बटण पडावे एवढाच आवाज झाला.

आजींना तो ऐकू गेला नाही. आजोबांना गेला.

"लुसमिला, थांब! पाय उचलू नकोस. कुणीतरी खाली पडलंय."

आजींनी खाली बघितले आणि पाय जागीच रोवले. आजोबा गुडघ्यांवर बसले. फरशीवरून हळूहळू हात फिरवत गेले आणि बूटवाला त्यांच्या तळहातात आला. "कोमट पाणी," ते म्हणाले. "साबणाचा एकच थेंब. कापूस. घाई नको."

आजोबांनी त्याला ओंजळीत धरले आणि आजींनी ओल्या कापसाने एकेक पीस पुसले. मग साध्या पाण्याने पुसले. मग आजोबांनी त्याला लोकरीच्या टोपीत ठेवून छातीशी धरले. "इंजिन चालू आहे," ते पुटपुटत होते, "पण फार वेगानं. फार वेगानं." आजींनी ताज्या साखरपाण्याचा चमचा त्याच्या चोचीशी नेला. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा काही नाही. तिसऱ्यांदा दोऱ्यासारखी जीभ बाहेर आली आणि आत गेली!

तासाभराने टोपीतून घरघर ऐकू आली. बूटवाला टोपीच्या काठावर चढला, अंग झाडले आणि सुटला! ओसरीलगतच्या आलिसोच्या झाडावर जाऊन बसला आणि आम्हां सगळ्यांना शिव्या देऊ लागला. इतक्या गोड शिव्या मी जन्मात ऐकल्या नव्हत्या!

पण आजोबा उठले आणि म्हणाले, "ती बाटली खाली काढ."

"अरे, पण..."

"खाली काढ, लुसमिला. माझ्या कानांच्या चैनीसाठी कुणाचा जीव जायला नको. मला नकोत किंदे."

आजींनी मला खाली काढले. त्या स्वयंपाकघरात मला टेबलावर ठेवून माझ्याकडे बघत बसल्या आणि पदर नसलेल्या त्या बाईने एप्रनच्या टोकाने डोळे पुसले. तेवढ्यात मागच्या दाराशी टकटक झाली. ओल्गेर उभा होता. एका हातात सुपाचे भांडे, दुसऱ्या हातात मेणाचा गोळा.

"शेजारीणबाई, मला हाकला हवं तर," तो म्हणाला. "पण आधी ऐका. माझ्या माश्या चोर नाहीत. तुमची बाटली लाळ गाळते. लाळ गाळणाऱ्याच्या तोंडावर माश्या बसणारच."

मी लाजेने पाणी पाणी झाले. आजी रागाने उठल्या आणि मग, मित्रांनो, त्या खुदकन हसल्या. आतल्या खोलीतून आजोबांचा आवाज आला, "काय गळतंय? वायसर? मग आधी का नाही सांगितलंत? गळती हे माझं काम आहे!"

आणि मग सुरू झाली धमाल! सहा दिवस उरले होते!

आजींनी मला उकळत्या पाण्याच्या वाफेवर धरले, व्हिनेगरने घासले, तांदळाने खळखळवले, पुन्हा घासले. गुळाचा शेवटचा डाग गेला तेव्हा माझ्यातून खिडकीतला डोंगर उलटा दिसू लागला. आजोबांनी बसच्या जुन्या ट्यूबचा तुकडा मागवला आणि बोटांनी चाचपून, कात्रीने कापून नवा वायसर बसवला. मला उलटे धरून त्यांनी कान लावला. आम्ही सगळेच श्वास धरून होतो. एक थेंब नाही! "फर्स्ट क्लास," आजोबा म्हणाले. "ही आता किनाऱ्यापर्यंत जाईल."

ओल्गेर माझे पिवळे ठिपके बघून मान हलवत होता. "माश्यांना पिवळं फार आवडतं. किंदेंना त्याची गरज नाही." माझा अभिमान! पण मी मनावर दगड ठेवला. आजींनी सुरीने ठिपके खरवडले आणि येसेनियाकडून नखांना लावायचा लाल रंग मागवला. फुलांवर वरच्या बाजूने तो लावून मला दोन दिवस वाळत ठेवले. "म्हातारपणी नखं रंगवायला आली," ओल्गेर मला म्हणाला. मी चार फुलांनी लाजले.

मुंग्यांसाठी आजोबांनी मासळीचा रिकामा छोटा डबा घेतला. त्याच्या बुडाला भोक पाडून त्यातून माझी तार ओवली आणि भोकाभोवती ओल्गेरचे मेण वितळवून घट्ट बसवले. तो डबा माझ्या तळाच्या वर, तारेवरच पाण्याने भरून राहिला. मुंगीला पोहता येत नाही, त्यामुळे तारेवरून उतरणाऱ्या मुंगीची वाट तिथेच संपली. किल्ल्याला खंदक असतो ना, तसा!

आणि मधमाश्यांसाठी? त्यांना उपाशी ठेवायला आजींचाही जीव होईना. ओल्गेरने आपल्या पेट्यांपाशी एक पसरट परात ठेवली. त्यात माश्या बुडू नयेत म्हणून खडे टाकले आणि माझ्यातल्यापेक्षा कितीतरी गोड पाक ओतला. "माशी हावरी असते," तो म्हणाला. "जास्त गोड मिळालं की कमी गोडाकडे ढुंकून बघत नाही. पण बाटली काही दिवस दिसता कामा नये. त्यांना जागा पाठ असते."

म्हणून वाळण्याचे दोन दिवस धरून तीन दिवस मी कपाटात. मोजणीच्या दोन दिवस आधी मला ओसरीच्या दुसऱ्या टोकाला टांगले, आलिसोच्या सावलीत. सावलीत पाणी लवकर नासत नाही आणि हवाही फुगत नाही. चार चुकार माश्या आल्या, कोरडी फुले हुंगली आणि परातीकडे निघून गेल्या.

पहिल्या दिवशी कुणीच आले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी फौजदार आला, एक घोट प्यायला आणि सगळी दरी जागी होईल एवढ्याने ओरडला: ही बाटली माझी आहे! आजोबा खुर्चीतून इतक्या जोरात उठले की खुर्ची उलटली.

आजींनी त्याच पावली येसेनियाला निरोप धाडला. "सकाळी इकडे ये. दरीबिरी काही नाही."

मोजणीचा दिवस उजाडला. येसेनिया वही घेऊन पायरीवर बसली. आजींनी मक्याचा लगदा मक्याच्याच पानांत वाफवून उमितास केल्या होत्या. ओल्गेर शेजारधर्म म्हणून आला होता, खरे तर उमितास खायला. ढग दरीतून वर चढत होते आणि मी काठोकाठ भरलेली होते.

"फौजदार," आजोबा म्हणाले. येसेनियाने लिहिले. "लांबशेपट्या, डावीकडून." खरेच, निळी शेपूट लहरत आली! "बूटवाला. थोडा फुरंगटलेला आहे, पण आलाय." आणखी दोन आले, तीन आले. आठ वाजेपर्यंत सात जाती झाल्या. माझ्या चारही फुलांवर रांग लागली होती. मी हिंदकळत होते, झुलत होते, आनंदाने पोटातून बुडबुडे सोडत होते!

मग आजोबांनी एकदम हात वर केला.

"भुंग्या," ते कुजबुजले.

"छे हो," ओल्गेर म्हणाला. "माझी माशी आहे ती. मी माझ्या माश्या ओळखत नाही होय?"

"माशी नाही. माशी एकाच सुरात रेटते. हा वळणावर गिअर बदलतोय."

"तीस वर्षं माश्या पाळतोय मी!"

"तीस वर्षं गाडी चालवली मी!"

"दोघंही गप्प बसा," आजी म्हणाल्या.

येसेनियाने दुर्बीण लावली. धुक्यात काही दिसेना. आवाज जवळ आला. घूंऽऽ. माझ्या मागच्या बाजूला, जिथे कुणालाच दिसत नव्हते तिथे, काहीतरी थांबले. ते मला दिसत होते, मित्रांनो! एवढीशी चोच, पोटावर पांढरा पट्टा, अंगठ्याएवढे शरीर! आणि मला ओरडता येत नव्हते! मी होते नव्हते ते सगळे बळ एकवटले. वाऱ्याची एक झुळूक आली. ती आली नसती तर काय झाले असते, देव जाणे. मी तारेवर अर्धे वळण घेतले.

माझ्याबरोबर फिरून भुंग्या सगळ्यांच्या समोर आला. फुलात चोच, हवेत स्थिर.

"भुंग्याच आहे!" येसेनियाच्या हातातली पेन्सिल खाली पडली. ओल्गेरने टोपी काढून छातीशी धरली. "शेजारी," तो आजोबांना म्हणाला, "यापुढे माझ्या माश्यासुद्धा तुम्हीच ओळखा."

दहा वाजता मोजणी संपली. नऊ जाती. येसेनियाने पानाच्या तळाशी निरीक्षकाचे नाव लिहायला घेतले. सहा वर्षे तिथे एकच नाव लिहिले जात असे.

"थांब," आजोबा म्हणाले. "पहिलं नाव लुसमिलाचं लिही."

"माझं कशाला?" आजी उमितासचे ताट घेऊन दारातच थबकल्या. "मी काय मोजलं? मी फक्त धुतलं."

"तेच," आजोबा म्हणाले. "बस चालवली म्हणून गावानं मला ओळखलं. रोज पहाटे जो ती धुवायचा, तेल बघायचा, त्याचं नाव मी कधी कुणाला सांगितलं नाही. आता मलाच आठवत नाही. एवढी चूक एका जन्मात एकदाच पुरे. लिही, पोरी. लुसमिला. मग माझं."

येसेनियाने लिहिले. आजी ताट तसेच धरून उभ्या राहिल्या. त्यांचे कान माझ्या फुलांइतके लाल झाले होते. "उमितास गार होतायत," त्या कशाबशा म्हणाल्या आणि सगळ्यांत मोठी आजोबांच्या हातात ठेवली.

"आणि माझ्या माश्या?" ओल्गेरने विचारले. येसेनियाने पुन्हा पेन्सिल उचलली आणि खाली लिहिले: मधमाश्या, असंख्य, पोट भरलेल्या.

मित्रांनो, तुमच्या गावी किंदे येत नाहीत, हे मला माहीत आहे. पण उन्हाळ्यात गॅलरीत किंवा गच्चीवर तुम्ही चिमण्यांसाठी, बुलबुलांसाठी पाण्याचे भांडे ठेवता ना? ठेवणारे पुष्कळ असतात. पहिल्या दिवशी फोटोही काढतात. म्हणून माझे एवढेच मागणे आहे, आणि ते मी फार कळकळीने मागते: आज त्या भांड्याशी जा आणि आतून बोट फिरवून बघा. बोटाला भांडे खरखरीत लागले तर शाबास. बोट बुळबुळीत होऊन सटकले, तर समजा की कुणीतरी तुमच्या दारी येऊन तहानलेलेच परत गेले आहे. मग उशीर करू नका. भांडे उचला, पाणी ओता आणि घासायला बसा.